पंपाची मोटर का जळते? फिरवण्याचा जोर म्हणजेच टॉर्क समजून घ्या

रब्बी हंगामात विहिरीत पाणी आहे, वीजही आहे, पण मोटर जळून रिवाइंडिंगला गेली आहे, असे चित्र प्रत्येक गावात दिसते. रिवाइंडिंगचा खर्च होतोच, पण त्याहून मोठे नुकसान पिकाचे होते. गहू पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेत असतो. या वेळी पाण्याची पाळी चुकली की फुटवे कमी येतात. कांदा पोसण्याच्या अवस्थेतही पाण्याचा ताण भरून काढता येत नाही. म्हणजे मोटर चार दिवस बंद राहिली तरी त्याची किंमत काढणीच्या वेळी मोजावी लागते.

मोटर जळाली की आपण कंपनीला, वायरमनला किंवा नशिबाला दोष देतो. बहुतेक वेळा कारण सोपे असते. पंपाला फिरण्यासाठी जेवढा जोर लागतो तेवढा मोटर देऊ शकत नाही आणि तो देण्याच्या धडपडीत ती तापते. या फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. शालेय पुस्तकात त्याला बल आघूर्ण असे नाव आहे. टॉर्क म्हणजे काय, तो मोटरीत कसा तयार होतो आणि कशाने कमी होतो हे समजले, तर मोटर जळण्याचे बरेच प्रकार टाळता येतात.

टॉर्क म्हणजे काय?

जात्याचा खुंटा मध्यभागी नसतो, कडेला असतो. खुंटा मध्याजवळ ठोकला तर जाते ओढायला जड जाते. कडेला ठोकला तर तेवढ्याच हाताच्या जोराने ते सहज फिरते. गंजलेला नट सुटत नसेल तर आपण पान्ह्यात पाइपाचा तुकडा घालून दांडा लांब करतो. हाताचा जोर तोच, पण अंतर वाढल्यामुळे नटावरचा पीळ वाढतो.

म्हणजेच, टॉर्क = लावलेले बल × मध्यापासूनचे अंतर. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. मध्यापासून एक मीटर लांब आडव्या दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगले, तर मध्यावर सुमारे ९.८ न्यूटन-मीटर टॉर्क येतो.

एचपी, आरपीएम आणि टॉर्क यांचा संबंध

मोटरीच्या पाटीवर एचपी आणि आरपीएम लिहिलेले असतात, टॉर्क बहुधा नसतो. तो असा काढता येतो:

टॉर्क (न्यूटन-मीटर) = ९५५० × किलोवॉट ÷ आरपीएम

एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॉट. त्यामुळे ५ एचपीची मोटर म्हणजे ३.७३ किलोवॉट.

- १४४० आरपीएमची ५ एचपी मोटर: सुमारे २४.७ न्यूटन-मीटर, म्हणजे एक मीटर दांड्यावर अडीच किलो वजन.
- २८८० आरपीएमची ५ एचपी मोटर: सुमारे १२.४ न्यूटन-मीटर, म्हणजे बरोबर निम्मा.

"जास्त आरपीएमची मोटर जास्त ताकदीची" असा समज अनेकांचा असतो. तो बरोबर नाही. एचपी सारखी असेल तर वेग दुप्पट झाल्यावर टॉर्क निम्मा होतो. म्हणून १४४० आरपीएमची मोटर काढून तिच्या जागी त्याच एचपीची २८८० आरपीएमची मोटर कुट्टी यंत्राला लावली आणि पुली तीच ठेवली, तर यंत्र धोकादायक वेगाने फिरते आणि मोटरही दमते.

पुलीचा हिशेब

कडबा कुट्टी यंत्राच्या मोटरीवर लहान पुली आणि यंत्रावर मोठी पुली असते. समजा २ एचपी, १४४० आरपीएमची मोटर आहे. तिचा टॉर्क सुमारे १० न्यूटन-मीटर. मोटरीची पुली ३ इंच आणि यंत्राची १२ इंच असेल, तर यंत्र ३६० आरपीएमने फिरते आणि त्याच्या शाफ्टवर टॉर्क चौपट, म्हणजे सुमारे ४० न्यूटन-मीटर मिळतो. पट्ट्याच्या घसरणीत थोडा जोर वाया जातो तेवढा वजा धरावा.

कुट्टी लवकर व्हावी म्हणून काही जण मोटरीला मोठी पुली लावतात. वेग वाढतो, पण पात्यावरचा टॉर्क कमी होतो. वैरणीची जाड पेंढी आली की यंत्र अडते आणि मोटर घुमते. कुट्टी यंत्राचे जड चाक फिरताना जोर साठवून ठेवते आणि पाते वैरणीत शिरते त्या क्षणी तो देते. त्यामुळे यंत्र रिकामे चालू करून पूर्ण वेग आल्यावरच वैरण टाकावी. पेंढी अडकवून ठेवून बटण दाबू नये.

मोटरीत टॉर्क तयार कसा होतो?

शेतीपंपाची बहुतेक थ्री-फेज मोटर ही इंडक्शन मोटर असते. या प्रकारच्या मोटरीची पेटंट निकोला टेस्ला यांना १८८८ मध्ये मिळाली. आजही तत्त्व तेच आहे. मोटरीचे दोन मुख्य भाग असतात. बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर. त्याच्या खाचांमध्ये तांब्याच्या तारेचे वाइंडिंग असते. आतला फिरणारा भाग म्हणजे रोटर. त्यात ॲल्युमिनियम किंवा तांब्याच्या पट्ट्या असून त्या दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या असतात. एकूण रचना पिंजऱ्यासारखी दिसते.

काम पुढीलप्रमाणे चालते:

१. तीन फेज एकाच वेळी जोरात नसतात. एकामागून एक त्यांचा जोर चढतो. गोल उभे राहिलेले तीन गडी जड चाकाला आळीपाळीने हात देतात तसे हे आहे. त्यामुळे स्टेटरमध्ये गोल फिरणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते.

२. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. त्यानुसार टू-पोल मोटरीत हे क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेते आणि फोर-पोल मोटरीत १५०० फेरे.

३. हे फिरते क्षेत्र रोटरच्या पट्ट्यांना कापत जाते. त्यामुळे पट्ट्यांमध्ये करंट तयार होतो. बाहेरून रोटरला एकही तार जोडलेली नसते.

४. चुंबकीय क्षेत्रात असलेल्या आणि करंट वाहणाऱ्या पट्टीवर बल लागते. ही पट्टी मध्यापासून काही अंतरावर असते. बल आणि अंतर दोन्ही आले, म्हणजे टॉर्क आला आणि रोटर फिरू लागला.

कोणतेही दोन फेज अदलाबदल केले की क्षेत्र उलट फिरते आणि मोटरही उलट फिरते. सबमर्सिबल मोटर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नवीन जोडणीनंतर दोन्ही प्रकारे चालवून ज्या दिशेला पाणी आणि दाब जास्त मिळतो ती दिशा कायम करावी. डीपीवर किंवा लाइनवर काम झाल्यानंतर पाणी अचानक कमी येऊ लागले, तर फेज बदलल्याची शंका प्रथम घ्यावी.

स्लिप: मागे राहण्यातच ताकद आहे

पाटीवर १५०० न लिहिता १४४० आरपीएम लिहिलेले असते. हा ६० फेऱ्यांचा, म्हणजे ४ टक्क्यांचा फरक म्हणजे स्लिप. रोटर क्षेत्राच्या बरोबरीने फिरू लागला तर पट्ट्या कापल्याच जाणार नाहीत, करंट तयार होणार नाही आणि टॉर्क शून्य होईल. म्हणून रोटर नेहमी थोडा मागे राहतो.

पंपाचा भार वाढला की रोटर आणखी थोडा मागे पडतो, पट्ट्यांमध्ये जास्त करंट तयार होतो आणि टॉर्क वाढतो. मोटर भारानुसार आपला जोर स्वतःच वाढवते. म्हणूनच ॲमीटर हा शेतकऱ्यासाठी टॉर्क मोजण्याचे जवळचे साधन आहे. अँपिअर वाढले म्हणजे मोटरीवरचा भार वाढला किंवा व्होल्टेज पडले, असे समजावे.

पण या वाढीला मर्यादा आहे. साधारण मोटर आपल्या नेहमीच्या टॉर्कच्या दोन ते अडीच पटीपर्यंत जोर देऊ शकते. भार त्याच्या पुढे गेला की ती थांबते. शेतकरी याला "मोटर बसली" म्हणतात. बसलेली मोटर सर्वांत जास्त करंट ओढते आणि पंखाही फिरत नसल्याने थंड होत नाही. अशा वेळी वीज तोडली गेली नाही, तर काही मिनिटांत वाइंडिंग जळते.

कमी व्होल्टेजचा खरा परिणाम

इंडक्शन मोटरीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. स्टेटरचे क्षेत्रही कमी होते आणि रोटरचा करंटही कमी होतो, त्यामुळे फटका दुहेरी बसतो. ४१५ व्होल्टवर मिळणारा टॉर्क १०० धरला, तर त्याच स्लिपला मिळणारा टॉर्क असा:

- ३८० व्होल्ट: ८४
- ३५० व्होल्ट: ७१
- ३२० व्होल्ट: ५९
- ३०० व्होल्ट: ५२

म्हणजे व्होल्टेज सुमारे चौथ्या हिश्शाने घटले की मोटरीची ताकद जवळपास निम्मी होते. मात्र पंपाला लागणारा टॉर्क फारसा कमी होत नाही, कारण विहिरीची खोली आणि पाइपलाइन तीच असते. मग मोटर काय करते? ती जास्त मागे पडते आणि जास्त करंट ओढून भार उचलते. ३५० व्होल्टवर वेग १४४० वरून सुमारे १४१५ वर येतो. पाण्याकडे पाहून काहीच कळत नाही. पण रोटरमधील करंट सुमारे १५ टक्के वाढतो. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. ३०० व्होल्टवर हीच उष्णता दीडपटीच्या पुढे जाते.

वाइंडिंगवरच्या इन्सुलेशनबद्दल अभियंते एक ठोकताळा वापरतात: मर्यादेपेक्षा दर १० अंश सेल्सिअस जास्त तापमानाला त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. त्यामुळे कमी व्होल्टेजवर चालवलेली मोटर त्याच दिवशी जळेल असे नाही. ती महिनोन् महिने आतून भाजत राहते आणि एखाद्या दिवशी, बहुधा पाण्याची सर्वांत जास्त गरज असताना, निकामी होते.

३०० व्होल्टच्या खाली स्थिती आणखी बिकट होते. मोटरीची कमाल क्षमताच पंपाच्या गरजेच्या काठावर येते. थोडा आणखी दाब पडला की मोटर बसते. म्हणून व्होल्टमीटरकडे पाहूनच बटण दाबण्याची सवय लावावी आणि स्टार्टरमध्ये कमी व्होल्टेजला वीज तोडणारी सोय असावी.

व्होल्टेज कुठे हरवते? केबल तपासा

डीपीवर व्होल्टेज ठीक असते आणि मोटरीपर्यंत पोचेपर्यंत कमी होते, असेही होते. समजा ५ एचपीची सबमर्सिबल मोटर ९ अँपिअर घेते आणि केबलची लांबी ३०० मीटर आहे.

- २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल: सुमारे ३० व्होल्ट घट
- ६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल: सुमारे १३ व्होल्ट घट

ॲल्युमिनियमचा विद्युत रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, त्यामुळे त्याच जाडीच्या ॲल्युमिनियम केबलमध्ये घट तेवढ्याच पटीने वाढते. मोटर सुरू होताना करंट कितीतरी पट असतो, म्हणून त्या क्षणी ही घटही खूप वाढते. मोटर चालू असताना व्होल्टेज डीपीजवळ, स्टार्टरजवळ आणि शक्य असल्यास मोटरीच्या टर्मिनलजवळ वायरमनकडून मोजून घ्यावे. फरक जास्त असेल, तर केबलची जाडी वाढवावी. केबलचे सैल, काळे पडलेले जोड तर लगेच नवे करावेत.

मोटर सुरू होतानाचा कसोटीचा क्षण

बटण दाबले तेव्हा रोटर थांबलेला असतो, म्हणजे स्लिप १०० टक्के असते. त्यामुळे थेट जोडणीच्या, म्हणजे डीओएल स्टार्टरवर मोटर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. वेग आल्यावर तो खाली येतो.

स्टार-डेल्टा स्टार्टर हा धक्का कमी करतो. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ५८ टक्के व्होल्टेज मिळते. ०.५८ चा वर्ग सुमारे एक-तृतीयांश. म्हणून लाइनचा करंट एक-तृतीयांश होतो आणि टॉर्कही एक-तृतीयांश. सेंट्रिफ्यूगल पंपाला हे चालते, कारण त्याला सुरुवातीला टॉर्क कमी लागतो. पंपाची टॉर्कची गरज वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: निम्म्या वेगाला पूर्ण टॉर्कच्या चौथा हिस्सा, ८० टक्के वेगाला ६४ टक्के.

पण व्होल्टेज आधीच ३५० असेल, तर स्टारमधील टॉर्क आणखी घटतो आणि मोटर अर्ध्या-पाऊण वेगाला अडकते. मग ती डेल्टावर टाकली की जोराचा झटका बसतो. यावर उपाय:

- सेंट्रिफ्यूगल पंप सुरू करताना डिलिव्हरी व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवावा. अशा पंपाला बंद व्हॉल्व्हवर सर्वांत कमी ताकद लागते. पूर्ण वेग आल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. बंद व्हॉल्व्हवर पंप जास्त वेळ चालवू नये.
- स्टारमधून डेल्टावर घाईने जाऊ नये. मोटरीचा आवाज स्थिर झाल्यावरच बदल करावा.
- कुट्टी यंत्र, गिरणी अशी यंत्रे भरलेल्या स्थितीत स्टारवर सुरू होत नाहीत. ती रिकामी सुरू करावीत.

सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या तर?

६३ केव्हीएच्या डीपीची क्षमता ४१५ व्होल्टला सुमारे ८८ अँपिअर असते. तिच्यावर ५ एचपीच्या १० मोटरी चालू असतील, तर प्रत्येकी ८ अँपिअरप्रमाणे ८० अँपिअर होतात. डीपीला हा भार पेलतो. पण वीज येताच ऑटो स्विचमुळे सर्व मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर सहा पटीने ४८० अँपिअरची मागणी होते. व्होल्टेज कोसळते. व्होल्टेज कोसळले की टॉर्क वर्गाने कोसळतो, त्यामुळे कोणतीच मोटर वेग घेत नाही आणि सगळ्या मोठा करंट ओढत राहतात. फ्यूज उडतो, नाहीतर डीपी जळते.

यावर एकट्याचा उपाय चालत नाही, डीपीवरच्या सर्वांनी मिळून करावा लागतो. प्रत्येकाने ऑटो स्विचबरोबर टायमर लावावा आणि वेळा वेगवेगळ्या ठेवाव्यात: पहिली मोटर एक मिनिटाने, दुसरी दोन मिनिटांनी, याप्रमाणे. टायमरचा खर्च डीपी बदलून मिळेपर्यंत वाळणाऱ्या पिकापुढे काहीच नाही. कृषी सहायक आणि कृषिमित्रांनी डीपीनिहाय बैठकीत ही यादी करून दिली, तर अंमलबजावणी सोपी होते.

एक फेज गेला की काय होते?

तीन गड्यांपैकी एक बाजूला झाला की गोल फिरणारे क्षेत्र उरत नाही. उरलेल्या दोन तारांमधून एकाच रेषेत पुढे-मागे होणारे क्षेत्र तयार होते. सायकलचे पायंडल बरोबर माथ्यावर असताना त्यावर कितीही भार दिला तरी चाक हलत नाही, तशी ही स्थिती आहे. थांबलेली मोटर फक्त घुमते, फिरत नाही.

मोटर आधीच फिरत असेल, तर ती फिरत राहते. धोका इथेच आहे. पाणी येत राहते, पण उरलेल्या तारांमधील करंट पूर्ण भाराला सुमारे १.७३ पट होतो. हे थांबवण्यासाठी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर प्रत्येक थ्री-फेज मोटरीला आवश्यक आहे.

काही ठिकाणी दोन फेजवर कंडेन्सर लावून थ्री-फेज मोटर चालवली जाते. कंडेन्सर तिसऱ्या फेजचे काम अर्धवट करतो. क्षेत्र एकसारखे फिरत नाही, टॉर्कला झटके बसतात आणि वाइंडिंगच्या तीन भागांत करंट असमान वाहतो. पाणी मिळते, पण मोटरीचे आयुष्य घटते. शिवाय यासाठी प्रिव्हेंटर काढून टाकला जातो, म्हणजे संरक्षणही जाते. हा प्रकार टाळावा.

सिंगल-फेज मोटरीत मात्र कंडेन्सर ही मूळ रचनेची गरज आहे. तो क्षेत्राला दिशा देतो. कंडेन्सर निकामी झाला की मोटर घुमते पण उठत नाही. अशा वेळी हाताने किंवा काठीने शाफ्ट फिरवून मोटर चालू करू नये, कंडेन्सर बदलावा.

पंपाकडून वाढणारा भार

व्होल्टेज ठीक असूनही अँपिअर जास्त दाखवत असतील, तर पंपाकडे पाहावे.

- पावसाळ्यात महिनोन् महिने बंद राहिलेल्या पंपाचा शाफ्ट गंजाने जाम होतो. हंगामाच्या सुरुवातीला मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून शाफ्ट हाताने फिरवून पाहावा.
- ग्लँडची दोरी फार आवळली असेल तर ती ब्रेकसारखे काम करते. थेंब-थेंब पाणी गळेल इतपतच ती आवळावी.
- बोअरमधून वाळू येत असेल, तर इंपेलर घासतात आणि अडकतात.
- गरजेपेक्षा फार जास्त हेडचा पंप घेऊ नये. ३० मीटर हेडचा सेंट्रिफ्यूगल पंप १० मीटरवर चालवला तर तो प्रमाणाबाहेर पाणी फेकतो आणि मोटरीवर भार वाढतो. विहीर तुडुंब असताना मोटर तापते त्याचे एक कारण हेच असते. अशा वेळी डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा आवळून अँपिअर पाटीवरच्या आकड्याखाली आणावेत.

याच्या उलट, पाणी संपून पंप कोरडा चालू लागला की भार घटतो आणि अँपिअरही घटतात. त्यामुळे ओव्हरलोड रिले ही चूक पकडू शकत नाही. सबमर्सिबल मोटर पाण्यानेच थंड होते आणि तिचे बेअरिंगही पाण्यावर चालतात, म्हणून तिला ड्राय रन प्रिव्हेंटर वेगळा लावावा.

सौर पंपात टॉर्कचे गणित

सौर पंपाचा कंट्रोलर ऊन कमी असताना मोटरीला कमी वारंवारता देतो आणि त्याच प्रमाणात व्होल्टेजही कमी करतो. दोन्हींचे प्रमाण राखल्यामुळे क्षेत्र कमजोर होत नाही, मोटर हळू फिरते पण टॉर्क टिकतो आणि ती जळत नाही. मात्र पंपाचे हेड वेगाच्या वर्गाने घटते. बंद व्हॉल्व्हवर ४० मीटर हेड देणारा पंप ८० टक्के वेगाला सुमारे २५ मीटर आणि ६० टक्के वेगाला सुमारे १४ मीटर हेड देतो. पाणी २० मीटर उचलायचे असेल, तर सकाळी मोटर फिरताना दिसूनही पाणी येत नाही. हा बिघाड नाही. पॅनेल धुळीने माखलेले असतील तर पाणी येण्याची वेळ आणखी पुढे जाते, म्हणून ते नियमित पुसावेत.

जळालेली मोटर कारण सांगते

रिवाइंडिंगला मोटर दिली की वाइंडिंग काढण्याआधी ते स्वतः पाहावे.

- काही गट काळे आणि बाकीचे ताजे, असा ठरावीक पट्टा दिसला, तर एक फेज गेल्याची खूण. स्टार जोडणीत तीनपैकी दोन फेजची वाइंडिंग जळतात, डेल्टा जोडणीत एका फेजचे.
- संपूर्ण वाइंडिंग सारखे काळे झाले असेल, तर कमी व्होल्टेज, जास्त भार किंवा अडकलेला रोटर.
- एकाच जागी छोटा जळका डाग असेल, तर त्या ठिकाणचे इन्सुलेशन फाटले किंवा ओल शिरली.

कारण दूर न करता तीच मोटर पुन्हा जोडली, तर ती पुन्हा जळणारच.

हंगामापूर्वी करावयाची तपासणी

१. मोटरीच्या पाटीवरील व्होल्ट, अँपिअर, एचपी आणि आरपीएम पेटीच्या दारावर आतून लिहून ठेवावेत.

२. ओव्हरलोड रिले पाटीवरच्या पूर्ण भाराच्या अँपिअरवर लावावा. स्टार-डेल्टामध्ये रिले वाइंडिंगच्या वाटेवर जोडलेला असेल, तर तो त्या आकड्याच्या ५८ टक्क्यांवर लावावा लागतो. वायरमनकडून खात्री करून घ्यावी. मोटर वारंवार ट्रिप होते म्हणून रिलेचा आकडा वाढवू नये, कारण शोधावे.

३. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, कमी व्होल्टेज संरक्षण आणि सबमर्सिबलला ड्राय रन प्रिव्हेंटर चालू स्थितीत आहेत का ते पाहावे.

४. तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि अँपिअर मोजावेत. एका फेजचे आकडे वेगळे असतील तर फ्यूज, जोड आणि स्टार्टरचे पॉइंट तपासावेत.

५. एचपीनुसार योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा. त्याने मोटरीची ताकद थेट वाढत नाही. पण डीपीपासून येणाऱ्या लाइनवरचा करंट कमी होतो आणि व्होल्टेज थोडे सुधारते. डीपीवरच्या सर्वांनी बसवला तर फरक जाणवतो.

६. फ्यूजच्या जागी जाड तार घालू नये. अर्थिंग तपासून घ्यावे. डीपीवर स्वतः चढून फ्यूज टाकू नये, महावितरणच्या कर्मचाऱ्यांना बोलवावे.

पाटीवरचे अँपिअर आणि मीटरवरचे अँपिअर यांची आठवड्यातून एकदा तुलना करून ती वहीत लिहावी. व्होल्टेज तेवढेच असताना अँपिअर चढू लागले, तर पंपावरचा भार वाढत आहे. व्होल्टेज घटून अँपिअर चढले, तर मोटर कमी ताकदीवर तोच भार ओढत आहे. दोन्ही वेळा मोटर आधी सूचना देत असते. ती वेळेत वाचली, तर गव्हाची पाळी चुकत नाही.